दिवसाची दिल्ली, रात्रीची दिल्ली आणि दहा हजार रुपये

सातारा जिल्ह्यातल्या एका सार्वजनिक ग्रंथालयाच्या ग्रंथपाल बाई. वय पस्तिशीच्या पुढे, हिंदी बोलता येतं पण टीव्हीवरचं. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्यांना दिल्लीचा विश्व पुस्तक मेळा बघायला जायचं होतं, एकटीनं. जवळ रोख दहा हजार. त्यातले दोन हजार पुस्तकांचे, त्यांना हात लावायचा नाही, हे त्यांनी पहिल्याच फोनवर सांगून टाकलं. म्हणजे गाडीभाडं, राहणं, खाणं आणि फिरणं आठ हजारांत.

मी पूर्वी दिल्लीत राहायचे, त्यामुळे गावाकडचे असे फोन मला येतच असतात. बहुतेकांना विचारायचं असतं, काय काय बघायचं. बाईंचा प्रश्न वेगळा होता. "ताई, पैसे कुठं जातात तेवढं सांगा. बघायचं काय ते मी वाचून काढते."

या प्रश्नासाठीच हे प्रकरण सविस्तर लिहावंसं वाटलं. एकट्यानं आणि त्यातही एकटीनं फिरणाऱ्यांचा दिल्लीतला हिशेब बहुतेक वेळा चुकीच्या रकान्यात काटकसर केल्यानं बिघडतो. दिल्लीची तिकिटं महाग नाहीत. हुमायूनचा मकबरा किंवा कुतुबमिनार भारतीय माणसाला खिडकीवर ४० रुपयांत, ऑनलाइन काढलं तर ३५ रुपयांत बघता येतो. पुराना किला, सफदरजंगाचा मकबरा त्याहून स्वस्त. लोदी गार्डन, अग्रसेन की बावली (पायऱ्यांची जुनी विहीर), मेहरौलीचं पुरातत्त्व उद्यान, गांधी स्मृती, सगळं फुकट. पैसे जातात ते अंधार पडल्यावर. चौघं असतील तर रिक्षाचे शंभर रुपये माणशी पंचवीस होतात, खोलीचं भाडं वाटून घेता येतं, अनोळखी गल्लीतून चालताना कुणाला भीती वाटत नाही. एकटीला हे सगळं पूर्ण दरानं विकत घ्यावं लागतं.

तर पहिला निर्णय मुक्कामाचा. बाईंनी तीन जागा काढून ठेवल्या होत्या. महिपालपूरला, विमानतळाजवळ, ७५० रुपयांत स्वतंत्र खोली. पहाडगंजला ९०० रुपयांत खोली. आणि लाजपतनगरच्या बाजूला एका हॉस्टेलमध्ये फक्त महिलांच्या डॉर्मिटरीत ६०० रुपयांची खाट. घरच्यांचं मत महिपालपूरला. सासूबाईंचं म्हणणं, परक्या गावात दाराला आपली कडी असली की झोप लागते. फोटोतही ती खोली चकचकीत होती, भिंतीवर टीव्ही, पलंगावर टॉवेलचा हंस.

महिपालपूरची गोची अशी की ते विमानतळाला जवळ आहे, दिल्लीला नाही. सर्वांत जवळचं मेट्रो स्थानक एरोसिटी, तेही एअरपोर्ट एक्सप्रेसवर. या लाइनचं भाडं बाकी मेट्रोपेक्षा जास्त. शिवाय स्थानकापासून हॉटेलपर्यंत महामार्ग मध्ये येतो, म्हणजे रोज जाता-येता रिक्षा आली. संध्याकाळी आठनंतर ती रिक्षा मागेल ते द्यावं लागणार. डॉर्मिटरीच्या भाड्याशी दीडशे रुपयांचाच फरक दिसतो, पण मी कागदावर मांडलं तेव्हा रोजचे दोनशे ते अडीचशे रुपये त्यावर चढत होते. पाच रात्रींत हा आकडा पुस्तकांच्या पैशांना भिडतो.

पहाडगंजला माझा तसा विरोध नव्हता. नवी दिल्ली स्टेशन शेजारी, रामकृष्ण आश्रम मार्ग मेट्रो चालत, खायला रात्रीपर्यंत मिळतं. पण पहिल्यांदाच एकट्या आलेल्या बाईला तिथली रात्रीची मुख्य गल्ली अंगावर येते. दलाल, हॉटेलचे पोरगे, "मॅडम रूम?" करत मागे लागणारे. काही होत नाही, पण माणूस थकतो आणि थकलेला माणूस पैसे देऊन मोकळा होतो.

राहिली डॉर्मिटरी. "सहा बायका एका खोलीत म्हणजे धर्मशाळाच की," बाई म्हणाल्या. मी त्यांना एक काम सांगितलं. रात्री साडेनऊला तिथं फोन करा आणि एवढंच विचारा, की आत्ता मेट्रोतून उतरून तुमच्याकडे चालत यायचं तर वाटेत काय काय उघडं असतं. महिपालपूरच्या माणसानं उत्तर दिलं, "मॅडम, आप कॅब कर लेना." हॉस्टेलच्या मुलीनं मात्र वाट पाठ असल्यासारखी सांगितली. मेट्रोच्या जिन्याखाली मोमोवाला, मग औषधाचं दुकान, मग मदर डेअरीचा बूथ, तिथून डावीकडे वळलं की इस्त्रीवाल्याची टपरी आणि आमचा गेट, अकराला बंद होतो. बाईंनी त्याच रात्री खाट नक्की केली. खोलीचे फोटो सगळेच चांगले टाकतात. रात्री साडेनऊची गल्ली कुणी टाकत नाही.

या जागेचा दुसरा फायदा मला नकाशा बघतानाच कळला होता, बाईंना तिथं गेल्यावर कळला. लाजपतनगरला मेट्रोच्या व्हायोलेट आणि पिंक अशा दोन लाइन मिळतात. व्हायोलेट म्हणजे अर्धी दिल्लीच: खान मार्केट, सेंट्रल सेक्रेटरिएट, मंडी हाउस, दिल्ली गेट, जामा मशीद, लाल किला, सगळी स्थानकं एका दोऱ्यात. पिंक लाइन थेट सराय काले खानला जाते, म्हणजे हजरत निजामुद्दीन रेल्वे स्टेशनच्या मागच्या अंगाला. साताऱ्याहून गोवा एक्सप्रेस याच स्टेशनात पहाटे येते. स्टेशनाच्या निजामुद्दीन बाजूला बाहेर पडलं तर रिक्षावाले घेरतात. सराय काले खानच्या बाजूला उतरलं की मेट्रो. बहुतेक प्रवासी गर्दीमागून चालत जातात आणि गर्दी रिक्षांकडे जाते.

बाई रविवारी, ११ फेब्रुवारीला उतरल्या. अंधार होता, रविवारी मेट्रो उशिरा सुरू होते, म्हणून उजाडेपर्यंत महिलांच्या प्रतीक्षालयात बसल्या. शाल पांघरून, थर्मासमधला चहा पीत. मला हा त्यांच्या प्रवासातला सगळ्यात शहाणा तास वाटतो. त्या वेळी घाईनं बाहेर पडलेल्या माणसाकडून रिक्षावाला जे घेतो ते दिवसभराच्या मेट्रोपेक्षा जास्त असतं.

रविवार निवडण्यामागेही कारण होतं. दर्यागंजचा जुन्या पुस्तकांचा रविवारचा बाजार २०१९ मध्ये फुटपाथवरून उठला आणि डिलाइट सिनेमासमोरच्या महिला हाटच्या आवारात गेला. दिल्ली गेट मेट्रोपासून चालत. तिथं काही विक्रेते पुस्तकं किलोवर विकतात. ग्रंथपाल माणसाला हे आधी अपमानास्पद वाटतं, पाच मिनिटांत वाटेनासं होतं. बाईंनी लहान मुलांची चित्रमय इंग्रजी पुस्तकं निवडली, प्रत्येकाची शिवण ताणून बघितली, कोपरे दाबून वाळवी तपासली. तो विक्रेता म्हणाला म्हणे, "आप दुकानदार हैं?" त्यांनी "लाइब्ररी" एवढंच सांगितलं आणि त्यानं वजनात दोन पुस्तकं वर टाकली.

सोमवारी दिल्लीची अडचण असते. लाल किल्ला बंद, राष्ट्रीय संग्रहालय बंद, राष्ट्रपती भवनातलं अमृत उद्यान खुलं असण्याच्या हंगामातही सोमवारी बंद. बाहेरगावचे लोक हे विसरतात आणि सोमवार रिक्षातून फिरण्यात घालवतात. हुमायूनचा मकबरा आणि कुतुब मात्र रोज उघडे. बाईंनी सकाळी हुमायूनचा मकबरा घेतला आणि दुपारी मेळा. मकबऱ्यात त्या तीन तास होत्या. सोळाव्या शतकातली ही इमारत हुमायूनच्या बेगमेनं उभी करवली. १८५७ मध्ये बहादुरशहा जफरनं इथंच आसरा घेतला आणि इथंच तो इंग्रजांच्या हाती लागला. शहाजहानचा मुलगा दारा शुकोह याची कबर याच चौथऱ्यावर कुठंतरी आहे असं मानतात. पस्तीस रुपयांत तीन तास, सावली, स्वच्छतागृह आणि बसायला दगडी पायऱ्या. एकट्या माणसाला बसायला जागा लागते, हे गटानं फिरणाऱ्यांच्या लक्षात येत नाही.

मेळ्याला मंडी हाउसला गाडी बदलायची, पुढचंच स्थानक सुप्रीम कोर्ट, म्हणजे पूर्वीचं प्रगती मैदान. तिकीट तेव्हा वीस रुपये होतं. मेळ्याबद्दल लिहीत बसत नाही; पुस्तकांचं प्रदर्शन पाहिलेल्या कुणालाही ते ठाऊक आहे, आणि बाईंनी दोन हजारांत काय घेतलं याची यादी ग्रंथालयाच्या दाखल नोंदवहीत आहे.

मंगळवार, १३ फेब्रुवारी. या दिवसासाठी मी बाईंना एक वाक्य घोकून घ्यायला लावलं होतं: लाल किल्ल्यापाशी कुणी "आज बंद है" म्हणालं तर विश्वास ठेवू नका. दिल्लीतली ही जुनी युक्ती. किल्ला बंद, मशीद बंद, रस्ता बंद, चला तुम्हाला सरकारी एम्पोरियम दाखवतो. तिथं रिक्षावाल्याला कमिशन, तुम्हाला पश्मिना म्हणून अॅक्रिलिकची शाल. बाई लाल किला स्थानकातून वर आल्या, एक रिक्षावाला पुढं आला आणि नेमकं तेच म्हणाला. "मॅडम, लाल किला बंद है आज."

बाई हसल्या आणि पुढं चालू लागल्या. आणि किल्ला खरोखरच बंद होता. त्या दिवशी शेतकऱ्यांचा 'दिल्ली चलो' मोर्चा निघाला होता, सीमांवर काँक्रीटचे अडथळे होते, मध्य दिल्लीतल्या काही मेट्रो स्थानकांची ठरावीक दारं लावून घेतली होती, आणि सुरक्षेसाठी लाल किल्लाही पर्यटकांना बंद केला होता.

मी दिलेला नियम अशा रीतीनं पहिल्याच परीक्षेत नापास झाला. पण बाईंनी तिथं जे केलं ते माझ्या नियमापेक्षा चांगलं होतं. अडथळ्यापाशी गणवेशातल्या शिपायाला त्यांनी विचारलं, त्यानं "बंद है, कल पूछना" म्हटलं आणि तोंड फिरवलं. तेवढ्यात तो रिक्षावाला मागून आलाच होता: "मैंने बोला था ना. चलिए, कॉटेज एम्पोरियम ले चलता हूँ, सिर्फ बीस रुपये." बाईंनी मला संध्याकाळी फोनवर सांगितलं, "ताई, बंद आहे हे दोघंही सांगत होते. पण शिपाई तेवढं सांगून थांबला, आणि ह्याचं पुढचं वाक्य तयार होतं." तेव्हापासून गावाकडच्या फोनवर मी माझं जुनं वाक्य सांगत नाही, बाईंचं सांगते.

मग त्या रस्ता ओलांडून चांदणी चौकात गेल्या. इथं मराठी माणसासाठी एक गोष्ट आहे आणि ती किल्ल्याच्या अगदी समोर. दिगंबर जैन लाल मंदिराशेजारचं गौरीशंकर मंदिर आपा गंगाधर या मराठा सरदारानं बांधल्याचं सांगतात. दर्शनाला पैसे पडत नाहीत, चपला ठेवायला जे द्याल ते. पुढं शीशगंज गुरुद्वारा, तिथं लंगर. चांदणी चौकाचा मुख्य रस्ता २०२१ पासून दिवसा मोटारींना बंद असल्यामुळे पायी चालणं सुसह्य आहे. हिवाळ्यात हातगाडीवर 'दौलत की चाट' मिळते, दुधाचा केशरी फेस. तोंडात घेतली की काही घेतलं होतं का असा प्रश्न पडतो. बाईंच्या मते पैशाच्या मानानं त्यात काही पोटात जात नाही.

किल्ल्याचे वाचलेले तीन तास त्यांनी जिथं घालवले ते कुठल्याही सहलीच्या यादीत नसतं: जुन्या दिल्ली रेल्वे स्टेशनासमोरची दिल्ली पब्लिक लायब्ररी. युनेस्कोच्या मदतीनं सुरू झालेल्या या ग्रंथालयाचं उद्घाटन १९५१ मध्ये पंडित नेहरूंनी केलं. आपल्याकडच्या ग्रंथालयशास्त्राच्या अभ्यासक्रमात हिचं नाव येतं. बाई नुसत्या आत गेल्या, वाचनकक्षात बसल्या, देवघेव विभागातल्या माणसाशी वर्गीकरणाच्या आकड्यांवरून बोलल्या. तिथंच त्यांना एक मोलाची माहिती मिळाली, तिच्याकडे येतेच.

किल्ला शेवटपर्यंत राहूनच गेला. बाईंना दिवाण-ए-खासचं छत बघायचं होतं, म्हणजे नसलेलं छत. १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी दिल्ली घेतली तेव्हा फौजेला द्यायला पैसा उरला नव्हता. तेव्हा या दालनाचं रुप्याचं छत उतरवून त्याची नाणी पाडली, सुमारे नऊ लाख रुपयांची. पुढच्या जानेवारीत पानिपत. दिल्लीत येऊन खर्चाची तोंडमिळवणी करत बसलेल्या मराठी माणसांची परंपरा अशी जुनी आहे.

बुधवारी कुतुब, आणि त्याला लागून मेहरौलीचं पुरातत्त्व उद्यान. उद्यानाला तिकीट नाही. सुलतान बल्बनची मोडकी कबर, १५२८च्या सुमाराची जमाली-कमालीची मशीद, राजों की बावली, सगळं झाडीत विखुरलेलं. मधल्या पायवाटा मात्र आठवड्याच्या दिवशी ओस असतात. बाई जमाली-कमालीपर्यंत गेल्या, तिथल्या पहारेकऱ्याशी बोलल्या, बावलीकडे निघाल्या आणि वाटेत झाडाखाली पत्ते कुटत बसलेलं टोळकं दिसल्यावर परत फिरल्या. कुणी काही बोललंही नव्हतं. मला याबद्दल विचाराल तर त्यांनी बरोबर केलं. फुकटच्या जागेचा एक छुपा दर असतो आणि तो एकट्या बाईकडूनच वसूल होतो. तुघलकाबादचा किल्ला मी याच कारणानं त्यांच्या यादीतून आधीच काढला होता. एवढा अवाढव्य आणि एवढा निर्मनुष्य किल्ला चौघांनी मिळून बघावा. दुपारी त्यांनी राष्ट्रीय संग्रहालय बघितलं, तिकीट वीस रुपये, जागोजाग पहारेकरी. मग पुन्हा मेळा.

आता ती लायब्ररीतली माहिती. पुस्तकांचं वजन दहा किलोंच्या घरात गेलं होतं. हे गाडीत चढवायचं म्हणजे हमाल, रिक्षा, कंबरदुखी. लायब्ररीतला माणूस म्हणाला, रजिस्टर्ड बुक पोस्ट करा. छापील पुस्तकांसाठी टपाल खात्याची ही सेवा होती, पाच किलोचं गाठोडं देशात कुठंही शंभर रुपयांच्या आत. गुरुवारी सकाळी बाईंनी गोल डाकखान्यात बसून, सुतळी बांधून दोन गाठोडी पाठवली, १६० रुपयांत. डाकखान्याच्या जवळच बंगला साहिब गुरुद्वारा. तिथं लंगरमध्ये जेवल्या, नंतर तासभर पोळ्या लाटायला बसल्या. शेजारच्या पंजाबी आजींनी त्यांची पोळी उचलून धरली आणि सगळ्यांना दाखवली, इतकी पातळ का म्हणून.

गुरुवारची संध्याकाळ हजरत निजामुद्दीनच्या दर्ग्यात. मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्तानंतरच्या नमाजानंतर कव्वाली. आत मुख्य मजारीच्या कक्षात बायकांना प्रवेश नाही, अंगणात बसायचं. वाटेवरच्या गल्लीत फुलंवाले आणि चपला सांभाळणारे "इधर रखिए, इधर" म्हणून ओढतात. थेट आत जाऊन दाराशी चपला काढल्या तरी चालतं. कवी अमीर खुसरोची कबर याच अंगणात. कव्वाली संपता संपता नऊ वाजत आले. जवाहरलाल नेहरू स्टेडियम मेट्रो दीड-दोन किलोमीटरवर, चालत जाण्याजोगं अंतर. बाईंनी रिक्षा केली, १२० रुपये सांगितले ते घासाघीस न करता दिले, थेट हॉस्टेलच्या दारात. सकाळी दहा रुपयांच्या चहासाठी दोन टपऱ्या फिरणाऱ्या बाई त्या. पण दिवसा वाचवलेला पैसा याच वेळेसाठी होता, हे त्यांना तोवर माझ्यापेक्षा नीट कळलं होतं.

हिशेब असा झाला. गाडीभाडं स्लीपरनं जाऊन-येऊन १,४५०. खाट पाच रात्रींची ३,०००. मेट्रो ४२०. रिक्षा ५६०, त्यातल्या बहुतेक अंधारातल्या. तिकिटं १३०, म्हणजे हुमायून, कुतुब, संग्रहालय आणि दोनदा मेळा. खाणंपिणं १,६५०, छोले-कुलचे, राजमा-चावल, आणि एक दिवस आंध्र भवनाच्या कँटीनमधलं भरपेट ताट. पुस्तकं २,०००, टपाल १६०. उरले ६३०. डीटीसीच्या, म्हणजे दिल्लीच्या सरकारी बसचा खर्च शून्य, कारण २०१९ पासून बायकांना गुलाबी तिकीट फुकट मिळायचं आणि ते देताना कंडक्टर कुठल्या गावच्या हे विचारत नसे.

डॉर्मिटरीबद्दल त्यांची तक्रार एकच होती, वरच्या खाटेवरची मुलगी पहाटे चारला गजर लावून झोपून राहायची. परीक्षेला आलेली होती बिचारी. लॉकरला कुलूप आपलं न्यावं लागतं, ते त्यांनी घरून नेलं होतं, धान्याच्या कोठीचं.

याच मार्गानं कुणी जाणार असेल तर हिशेब जसाच्या तसा उचलू नये. मेट्रोचं भाडं ऑगस्ट २०२५ मध्ये वाढलं, १० ते ६० रुपयांचं ११ ते ६४ झालं. फुकट बसप्रवासासाठी सरकारनं दिल्लीच्या रहिवासी महिलांपुरतं कार्ड जाहीर केलं आहे, म्हणून बाहेरगावच्या बाईनं बसचे पैसे धरूनच चालावं. रजिस्टर्ड बुक पोस्ट डिसेंबर २०२४ मध्ये बंद झालं. बाईंना आता तीच गाठोडी कितीतरी महाग पडली असती. आणि २०२६ मध्ये मेळा जानेवारीत भरला. जानेवारीत उत्तरेकडच्या गाड्या धुक्यात अडकतात आणि २६ जानेवारीच्या आसपास लाल किल्ला पर्यटकांना बंद असतो. तेव्हा छतासाठी बाईंना वेगळी खेप करावी लागणार, मेळ्याच्या जोडीनं ते जमेल असं दिसत नाही.